शेगडी चकचकीत, ओट्याखाली अंधार

मी कऱ्हाडात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. दुकान आहे नावाला, दिवस जातो लोकांच्या स्वयंपाकघरांत. तक्रार बहुतेक ठरलेली: "मिस्त्री, गॅस कमी येतोय बघा." मी शेगडीकडे बघण्याआधी खाली वाकतो आणि ओट्याखालचा पडदा सारतो. वहिनींना ते आवडत नाही. वरची शेगडी घासूनपुसून लखलखीत, काचेवर तेलाचा डाग नाही. आणि खाली टाकीला खेटून कांद्याबटाट्याची टोपली, रद्दीचा गठ्ठा, झुरळं मारायचा फवारा आणि त्या सगळ्यातून वाट काढत गेलेली नळी. बसवली त्या दिवसानंतर तिच्यावर कुणाचा हात फिरलेला नसतो.

पेटलेला गॅस डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याला जपून असतो. घात करतो तो न पेटलेला. आणि तो निघतो जोडांतून: टाकीचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नळीची दोन टोकं, नॉबच्या मागचा कॉक. म्हणून मी हे खालून वर सांगणार आहे, टाकीपासून ज्योतीपर्यंत. शेगडी कशी पुसायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

टाकी दारात आली की

टाकी आणणारा पोरगा घाईत असतो. खाली टेम्पो उभा, जिने चढून दम लागलेला. त्याला पाणी द्या आणि थांबवून घ्या. आधी सील बघा; प्लास्टिकचं सील अखंड हवं. मग वजन. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच रंगवलेलं असतं, साधारण १५-१६ किलो. त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. वजनकाटा त्याच्याजवळ असायला हवा. "आज आणला नाही" म्हणाला तरी दुसऱ्यांदा मागितल्यावर बऱ्याचदा टेम्पोत सापडतो.

मग तारीख. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. 'सी २८' लिहिलं असेल तर त्या टाकीची पुढची चाचणी २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत व्हायची आहे. मोबाईलवर फिरणारे निरोप याला 'एक्सपायरी' म्हणतात आणि तारीख उलटली की टाकी फुटते म्हणून घाबरवतात. तसं नाही, ती चाचणीची मुदत आहे. पण मुदत उलटलेली टाकी घ्यायचीही नाही. परत पाठवायची, बदलून मागायची.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात चमचाभर पाणी टाकायला त्यालाच सांगा. बुडबुडे येत राहिले तर आतली पिन नीट बसत नाही. ती टाकी नको. त्याच तोंडात एक काळी रबरी रिंग असते. ती चिरलेली, फुगलेली किंवा गायब असेल तर रेग्युलेटर कितीही चांगला असो, गॅस बाजूने सुटणारच. 'टाकी बदलली आणि वास यायला लागला' या तक्रारीत मी पहिल्यांदा हीच रिंग बघतो. मलकापुरातल्या एका आजींनी ती हेअरपिनने उचकटून, उलटी करून परत बसवली होती. "एक बाजू झिजली, दुसरी चांगली आहे की!" हिशेब काटकसरीचा होता, जागा चुकीची होती. व्हॉल्व्हच्या तोंडात टोकदार काही घालायचं नाही. आतली पिन दाबली गेली तर टाकीतला गॅस थेट बाहेर येतो. टाकीतला दाब हवामानाप्रमाणे चौरस सेंटीमीटरला पाच-सात किलोंच्या घरात असतो. रेग्युलेटर तो उतरवून ३० ग्रॅमवर आणतो आणि आपली शेगडी त्या ३० ग्रॅमवर चालते. मधला रेग्युलेटर काढला की काय होत असेल ते यावरून बघा. रिंग खराब दिसली तर टोपी लावायची आणि एजन्सीला फोन करायचा.

पाणी टाकलं असेल तर ते कोरड्या फडक्याने टिपून घ्या. आणि ती टोपी टाकीला दोऱ्याने बांधलेली असते, ती तशीच राहू द्या. मुलांनी खेळायला नेली की वेळेला मिळत नाही.

ठेवायची कुठे

टाकी उभी, जमिनीवर, आणि शेगडी तिच्या वरच्या पातळीला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो पाण्यासारखा खाली उतरतो, ओट्याखाली साचतो, मोरीकडे, दाराच्या फटीकडे जातो. टाकीत तो द्रव असतो. लिटरभर द्रवाचा बाहेर येऊन सुमारे २५० लिटर वायू होतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की एक ठिणगी पुरते.

आता गावाकडची गोष्ट. २०१६ ला उज्ज्वला योजना आली, आमच्या भागात वाड्यावस्त्यांवरही टाक्या पोचल्या. पण ओटा पोचला नाही. खाली बसून स्वयंपाक करायची सवय, म्हणून शेगडीही जमिनीवर, टाकीच्या शेजारी. आणि चूल तशीच पलीकडच्या कोपऱ्यात. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर. भाकरीच्या बाबतीत मी वाद घालणार नाही, चुलीवरची ती चुलीवरचीच. पण मग चूल पडवीत न्या. जड गॅस जमिनीवरून सरपटत येतो आणि चुलीतला निखारा जमिनीलगतच असतो. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही. ओटा बांधायला पैसे नसतील तर विटांचे दोन खांब आणि वर शहाबादी फरशी, एवढ्यात काम भागतं. फरशी टाकीपेक्षा वर आली पाहिजे, आणि शेगडी उघड्या खिडकीच्या अगदी समोर नको, वाऱ्याने ज्योत विझते. लाकडी खोक्यावर शेगडी ठेवू नका.

शहरात उलटा प्रकार. ट्रॉल्यांचं किचन करून घेतात, टाकीला झकास दार लावतात, आणि आत हवा जायला एक भोक नसतं. सुताराला सांगा, दाराच्या खालच्या अंगाला जाळी हवी. तो वर करून देतो, कारण वर दिसायला बरी दिसते. गॅस खाली बसतो, जाळीही खालीच हवी. त्या कप्प्यात टाकीशिवाय काही नको, विजेचा बोर्ड तर नकोच.

देव्हारा स्वयंपाकघरात असणं आपल्याकडे नवं नाही. देव हलवा असं मी म्हणत नाही, पण निरांजन आणि उदबत्ती टाकीच्या अंगाला, खालच्या फळीवर नको. फ्रीजचंही तसंच. फ्रीज आपला आपण चालू-बंद होतो, आणि प्रत्येक वेळी आत बारीक ठिणगी पडू शकते. जागा असेल तर तो दुसऱ्या खोलीत, नसेल तर टाकीपासून जमेल तेवढा लांब.

रेग्युलेटर आणि नळी

टाकी बदलताना घरातली प्रत्येक ज्योत विझलेली हवी, समईसुद्धा. खिडकी उघडी. रेग्युलेटरचा नॉब बंद करायचा. खालचं काळं कडं वर ओढून धरायचं, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ ठेवायचा, हलकेच इकडेतिकडे फिरवत खाली दाबायचा आणि कडं सोडायचं. टक् असा आवाज येतो. आवाजावर विसंबू नका, एकदा वर ओढून बघा. निघता कामा नये. मग नॉब चालू, आणि दोन मिनिटं तिथेच थांबून वास घ्यायचा. बसत नसेल तर हातोडी, पकड, बत्ता यांतलं काही आणायचं नाही. मी ओट्याखाली बत्त्याचे ठोके खाल्लेले रेग्युलेटर बघितलेत. रेग्युलेटर बिघडला तर बाजारातून स्वस्तातला आणू नका, एजन्सीकडून बदलून घ्या.

नळी केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली घ्या. तिला सुरक्षा नळी म्हणतात. तिच्यावर आयएसआयचा छाप आणि वर्ष असतं. पाच वर्षं झाली की बदलायची, वरून नवी दिसली तरी. जुनी हिरवी रबरी नळी अजून कुणाकडे असेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच करा. लांबी दीड मीटरच्या आत. लांब हवी म्हणून दोन तुकडे जोडायचे नाहीत, आणि मधे टी टाकून एकाच नळीवर शेगडी आणि गीझर चालवायचा नाही.

नळी बर्नरच्या मागून, गरम भागाला चाटून जात असेल तर ती एका जागी कडक पडते. बोटांनी वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील. टोकाला, जिथे ती शेगडीच्या नोझलवर चढवलेली असते, तिथे ती पूर्ण आत गेली आहे का बघा. काही घरांत नळी मळू नये म्हणून तिला कापडाचं कव्हर शिवतात, जुन्या साडीचं, छान काठ लावून. शिवणारीचा हात चांगला असतो, पण कव्हराखाली उंदराने कुरतडलेलं कुणाला दिसत नाही. आमच्याकडे नदीकाठच्या पेठांत उंदरांना तोटा नाही. नळी उघडीच असू द्या, ओल्या फडक्याने पुसा. कांद्याबटाट्याची टोपली तिथून हलवली की निम्मे उंदीर आपोआप जागा बदलतात.

फेसाची परीक्षा

हे काम टाकी बदलली की करा, आणि मधूनही. वाटीत थोडं पाणी, त्यात कपड्याच्या साबणाची पूड, आणि भरपूर फेस होईपर्यंत बोटांनी घुसळा. शेगडीचे नॉब सगळे बंद. रेग्युलेटर चालू. आता दाढीचा जुना ब्रश घ्या, तो नसेल तर बोट चालेल, आणि फेस लावत चला. रेग्युलेटर टाकीवर बसतो ती कड, नळी रेग्युलेटरवर चढते तिथे, नळीचं दुसरं टोक, आणि मग शेगडीच्या खालून प्रत्येक नॉबच्या मागे.

लावून लगेच उठू नका, इथेच लोक घाई करतात. फेस आपोआप बसत जातो, त्याचे बुडबुडे फुटत जातात. गळती असेल तर एका जागी नवा बुडबुडा धरतो. मुगाएवढा दिसतो, वाटाण्याएवढा होतो, फुटतो, आणि त्याच जागी दुसरा धरतो. त्याच जागी परत आला की गळती आहे, मग वास येवो न येवो. बारीक गळतीचा वास फोडणीच्या वासात कळतच नाही. नळीच्या टोकाशी असेल तर रेग्युलेटर बंद करून नळी नीट आत बसवा आणि पुन्हा बघा. नॉबच्या मागे असेल तर ते तुमचं काम नाही. कॉक उघडून साफ करून, त्याला त्याचं खास ग्रीस लावावं लागतं. घरातलं शिलाई मशीनचं तेल सोडून नॉब मऊ करणारे हुशार लोक असतात. चार दिवस नॉब लोण्यासारखा फिरतो, मग तिथूनच गळायला लागतो.

काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत. त्यांना काय सांगणार!

पेटवताना

काडी असेल तर आधी काडी पेटवा, मग नॉब. लायटर असेल तर आधी लायटर बर्नरशी न्या, मग नॉब उघडा आणि लगेच चाप ओढा. नॉब उघडून मग लायटर शोधायचा नाही. दोन-तीन वेळा ओढून पेटला नाही तर नॉब बंद करा आणि मिनिटभर थांबा. पाचव्या-सहाव्या वेळी पेटतो तेव्हा भक्कन पेटतो आणि भुवया जातात. लायटर ओला असला की ठिणगी पडत नाही, शेगडी पुसताना तो बाजूला ठेवा.

सगळ्यात धोक्याची भाजी कुठली म्हणाल तर दूध. दूध तापायला ठेवतो, दारात कुणीतरी येतं, दूध उतू जातं, ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. दूध गेलं म्हणून हळहळायच्या आधी नॉब बंद करा. बर्नर पूर्ण पुसून, कोरडा करून मगच परत पेटवा. दूध ठेवलं की ओट्यापाशी उभं राहायचं, किंवा पाणी घालायचं ते शिट्टीचं दूधपातेलं घ्यायचं. ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणाऱ्या शेगड्या आता मिळतात. नवी घेणार असाल, घरात म्हातारं माणूस एकटं राहत असेल, तर काचेच्या रंगावर पैसे घालण्यापेक्षा या सोयीवर घाला. मंद आचेवर आमटी ठेवून पंखा लावायचा नाही, तीच गत होते.

ज्योत काय सांगते

निळी आणि बर्नरला धरून असलेली ज्योत चांगली. पिवळी, लांब, भांड्याच्या बुडाला काजळी धरणारी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही. भांडं काळं होतं हा त्यातला लहान तोटा. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. बर्नरची भोकं बुजली असतील तर बर्नर गार झाल्यावर काढा, गरम पाण्यात सोडा घालून भिजवा, दातांच्या जुन्या ब्रशने घासा, भोकं पिनेने मोकळी करा आणि उन्हात पूर्ण वाळवा. ओला बर्नर बसवला की ज्योत उड्या मारते. बसवताना डावा-उजवा, लहान-मोठा अदलाबदल होऊ देऊ नका, आणि तो खोबणीत सपाट बसला आहे ना ते हाताने हलवून बघा. तिरका बसला की ज्योत आत, गॅस आणि हवा मिसळते त्या नळीत शिरते. फुरफुर असा आवाज येतो आणि नॉब तापतो. लगेच बंद करा, गार होऊ द्या.

बर्नरच्या भोकाला पिन चालते. पण आत जो पितळेचा बारीक जेट असतो त्याला हात लावू नका. त्याचं भोक मोजून पाडलेलं असतं. सुईने ते मोठं झालं की गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते आणि मग माझ्याकडे फोन येतो की साफ केल्यापासून बिघडलं.

टाकी संपत आली की ज्योत बारीक होते, कधी पिवळटही. मग सुरू होतात उपाय: टाकी आडवी पाडणं, हलवणं, थंडीत गरम पाण्याच्या घमेल्यात बसवणं. आडव्या टाकीतून द्रव गॅस रेग्युलेटरकडे येऊ शकतो, आणि रेग्युलेटर वायूसाठी केलेला आहे. आडव्या टाकीतून मिळेल तो एका चहापुरता गॅस. टाकी किती भरली आहे ते बघायचं असेल तर ओलं फडकं तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत फिरवा. द्रव असतो तेवढा भाग उशिरा वाळतो.

तळण, काच आणि पदर

दिवाळीच्या आधी माझं दुकान काचांनी भरतं. चकल्या, अनारसे, करंज्या, तासन्‌तास मोठी कढई. कढई शेगडीपेक्षा रुंद असली की उष्णता खाली काचेवर परतते. वर कुणीतरी ओलं फडकं फिरवतं आणि काच तडकते. मोठ्या तळणासाठी स्टीलची साधी शेगडी काढा, आणि काच गार झाल्याशिवाय पुसू नका. तेलाने पेट घेतला तर नॉब बंद करायचा आणि कढईवर सपाट झाकण सरकवायचं. पाणी टाकायचं नाही, कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही. म्हणून तळणाला बसायच्या आधीच ते झाकण हाताशी हवं.

पदर खोचलेला, ओढणी मागे बांधलेली, कपडे सुती. गरम भांडं पदराने उतरवायची सवय फार घरांत आहे. सांडशी समोर टांगलेली असली तर पदर आपोआप सुटतो, माझ्या घरी तसाच सुटला. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतलं काही लावू नका. मोठं भाजलं असेल तर पाणी सोडत दवाखाना गाठा.

वास आला तर

गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात, सडक्या कोबीसारखा येतो तो त्याचा. सर्दी झालेल्या माणसाला कळत नाही, म्हणून घरात दोघांना तरी तो ओळखता यायला हवा.

वास आला की विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. चालू असलेलं बंदही करायचं नाही. बंद करतानाही ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखा लावून गॅस बाहेर काढू असं सुचतं, आणि तेच महागात पडतं. शेगडीचे नॉब बंद, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघडी, माणसं बाहेर. शेजाऱ्याला बेल वाजवून नको, हाक मारून बोलवा. घराबाहेर मेन स्विच असेल तर तिथून वीज तोडा, नाहीतर आतला फ्रीज आपल्या वेळेला चालू होणारच. रेग्युलेटर बंद करूनही टाकीतून सूं आवाज येत असेल तर तो काढून टोपी लावा, जमत असेल तर टाकी उघड्यावर न्या. फोन घराबाहेर जाऊन करा. १९०६ हा गॅसगळतीचा देशभरचा नंबर आहे, चोवीस तास चालू. आग लागलीच तर १०१. व्हॉल्व्हपाशी ज्योत धरली असेल आणि ती लहान असेल तर भिजवलेली जाड गोधडी किंवा पोतं टाकून ती दाबता येते आणि रेग्युलेटर बंद करता येतो. पण अंगात तेवढं धैर्य नसेल, किंवा आग टाकीच्या अंगाला लागली असेल, तर माणसं घेऊन बाहेर पडायचं. घर परत उभं राहतं.

रात्री भांडी घासून झाली की रेग्युलेटर बंद, फक्त शेगडीचा नॉब नव्हे. गावाला जाताना तर नक्कीच. आणि पहाटे स्वयंपाकघराचं दार उघडल्यावर आधी वास घ्या, मग दिव्याचं बटण दाबा. रात्रभर साचलेल्या गॅसला सकाळचं पहिलं बटण पुरतं. गॅसचा वास ओळखून वाजणारं यंत्र बसवायचं असेल तर टाकीच्या गॅसला ते जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा.

पुण्या-मुंबईत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिथला पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. गळला तर छताकडे जातो, म्हणून यंत्र वर लावायचं आणि वरची खिडकी उघडायची. शेगडीकडे येणाऱ्या पाईपवर एक चावी असते, ती कुठे आहे हे पोचाल त्या दिवशीच विचारून घ्या. टाकीची शेगडी तशीच त्या पाईपला जोडता येत नाही, जेट बदलावे लागतात, कारण दोन्हींचा दाब आणि उष्णता वेगळी.

आणि गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नका. दार-खिडकी बंद करून अंघोळ करताना कार्बन मोनॉक्साईड साचतो, माणूस गुंगीत पडतो आणि बाहेर कुणाला कळत नाही. गीझर बाहेर, गरम पाणी पाईपने आत.

मोठ्या टाकीतून लहान टाकीत गॅस भरून देणारे प्रत्येक गावात आहेत. बेकायदा आहे, आणि भरताना गॅस सुटतोच. शिकायला गेलेल्या मुलाला लहान टाकी हवी असेल तर पाच किलोची रीतसर मिळते.

राहिले तपासणीला येणारे. गॅस कंपन्यांची सक्तीची तपासणी पाच वर्षांतून एकदा असते. तेव्हा येणारा माणूस एजन्सीचा असतो, त्याच्याकडे ओळखपत्र असतं आणि तो पावती देतो. पण दुपारी, घरात बाईमाणूस एकटं असताना, गळ्यात पट्टा अडकवून 'कंपनीतून आलोय' म्हणणारेही येतात. चांगली नळी काढून जुनाट माल बसवतात आणि दुप्पट पैसे घेतात. दार उघडण्याआधी ओळखपत्र खिडकीतून मागा, गॅसच्या पुस्तकावरच्या नंबरवर एजन्सीला फोन लावा आणि त्याचं नाव विचारून घ्या. खरा माणूस तेवढा वेळ जिन्यात उभा राहतो. मी पण राहतो.